मूत्राशयाचे आरोग्य आणि कॅथेटरची निवड



दादरचा फुलबाजार उजाडण्यापूर्वीच जागा होतो. वसई, विरार आणि पालघरकडून पहाटेच्या गाड्यांनी आलेल्या भाजीवाल्या व फुलवाल्या स्थानकाच्या पश्चिमेस आपापल्या टोपल्या मांडतात. यांपैकी अनेकजणी घरून निघताना पाण्याचा घोट घेण्याचे टाळतात आणि दुपारपर्यंत तसेच बसून राहतात. तहान सोसता येते. परंतु लघवीला लागल्यास जायचे कोठे, हा प्रश्न सुटत नाही.

स्थानकाच्या पूर्वेस नायगाव आहे. मुंबईच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळी येथे आहेत. त्यांचा पुनर्विकास आता हाती घेण्यात आला आहे. १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सर्वांसाठी सामाईक शौचालय, अशी या चाळींची मूळ रचना. समजा, अशा एका खोलीत राहणारे, गिरणीतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ परळच्या एखाद्या रुग्णालयातून लघवीची नळी आणि पिशवी घेऊन घरी परतले. लघवी तुंबली होती, तिच्यावर उपाय झाला. पण पिशवी घेऊन व्हरांड्यातून शौचालयापर्यंत कसे जायचे, ती रिकामी कोठे करायची, लग्नकार्याला जावे की घरीच बसावे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि संकोचापोटी त्यांनीही विचारलेले नसते.

पाण्याचा घोट टाळणारी भाजीवाली आणि पिशवी लेंग्याआड लपविणारे हे आजोबा, दोघांचे दुखणे एकाच ठिकाणी येऊन मिळते. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे होणे ही जीवनावश्यक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची आपल्याकडे रीत नाही.

मूत्राशयाचे कार्य

दोन्ही मूत्रपिंडांतून लघवी सतत झिरपत असते. ती साठवून ठेवणारी स्नायूंची लवचीक पिशवी म्हणजे मूत्राशय. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे १५० ते २०० मिलिलिटर लघवी साचली की पहिली जाणीव होते. ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत साचल्यावर ती रोखून धरणे कठीण होते. पिशवीचे आकुंचन आणि तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेचे शिथिल होणे या दोन क्रिया एकाच वेळी घडाव्या लागतात. मेंदू, मेरुरज्जू आणि ओटीपोटातील मज्जातंतू यांच्या समन्वयाने हे घडते. या साखळीतील एखादा दुवा तुटला, किंवा लघवीच्या वाटेवर अडथळा आला, की मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि मूत्रमार्ग आवळला जातो. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू क्षीण होऊन मूत्राशयाची जाणीवच मंदावते. प्रसूतीनंतर काही स्त्रियांना लघवी होत नाही. काहींना पुढे खोकताना, हसताना लघवी गळण्याचा त्रास होतो. लोकलमधून, झाडावरून वा इमारतीच्या परातीवरून पडून पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचे पायांसोबत मूत्राशयही पराधीन होते. काही बालके जन्मतःच कण्याची हाडे न जुळलेली, म्हणजे ‘स्पायना बिफिडा’ हा दोष घेऊन येतात. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो.

या संदर्भात एक गैरसमज विशेष घातक आहे. लघवी थेंबथेंब गळते, वारंवार होते, म्हणजे ती तुंबलेली नाही, असे घरातील मंडळी समजतात. वस्तुतः काठोकाठ भरलेल्या घागरीतून पाणी सांडावे तशी ती वरच्यावर सांडत असते आणि पिशवी भरलेलीच राहते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात. दाब वाढत गेला की तो उलटा मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी होऊ लागतात. याचा घाव असा की प्रारंभी काही दुखत नाही. ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढले जातात आणि रुग्ण डॉक्टरांपुढे येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते, हे साध्या सोनोग्राफीत कळते. तपासणी एवढी सोपी असताना ती टाळण्याचे कारण संकोच हेच बहुधा असते.

१९७२ सालचा धडा

मूत्रमार्गात नळी घालून लघवी काढण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत मूत्रमार्गासाठी वापरावयाच्या नळीसारख्या यंत्रांचे वर्णन आढळते. टोकाशी फुगा असलेली आणि त्यामुळे मूत्राशयात टिकून राहणारी आजची परिचित नळी अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रेडरिक फोली यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. म्हणून तिला ‘फोली कॅथेटर’ म्हणतात.

पहिल्या महायुद्धात कण्याला इजा झालेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुदोषाने दगावत. इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल येथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा जखमींसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले आणि मूत्राशयाची निगा हा उपचाराचा गाभा मानला. १९४८ मध्ये त्यांनी याच रुग्णांसाठी ज्या क्रीडास्पर्धा आरंभिल्या, त्यांतून पुढे पॅरालिंपिकचा उगम झाला. १९६५ च्या युद्धात कण्याला गोळी लागलेले सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले, ते याच परंपरेतील स्पर्धेत. कण्याला इजा झालेला माणूस खाटेवर संपून जातो, ही समजूत अशा माणसांनी खोटी ठरविली.

त्याच १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी एक साधा परंतु क्रांतिकारक विचार मांडला. तोवर नळी घालायची तर ती पूर्णतः निर्जंतुक पद्धतीने, रुग्णालयातच घालावी, असा दंडक होता. लॅपिडिस यांचे म्हणणे असे, की मूत्राशय ताणले गेले की त्याच्या भिंतीतील रक्तपुरवठा मंदावतो आणि जंतूंना वाव मिळतो. तेव्हा ठरावीक वेळाने ते रिकामे करणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी हात आणि नळी स्वच्छ असल्या तरी पुरे. रुग्णाने दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालावी, मूत्राशय रिकामे करावे आणि नळी काढून टाकावी. ‘स्वच्छ आंतरायिक स्व-कॅथेटरीकरण’ असे भारदस्त नाव असलेली ही पद्धत आज जगभर, शक्य असेल तेथे, पहिली पसंती मानली जाते.

या विचाराचे महत्त्व नायगावच्या खोलीत अधिक जाणवते. ही पद्धत पाळण्यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही. साबण, पाणी, आतून कडी लागणारे दार आणि भिंतीवरचे घड्याळ एवढे पुरते. या चारही गोष्टी पुरविणे समाजाच्या हाती आहे.

नळी कोणती, हे कसे ठरवावे

नळीची निवड डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावयाची असते. तथापि रुग्णाने आणि कुटुंबीयांनी काही प्रश्न मनाशी स्पष्ट करून जावेत. मूत्राशय आपोआप रिकामे होते काय? हाताची बोटे नळी धरण्याइतकी चालतात काय? मदतीला घरात कोण असते? दिवसाचा वेळ कोठे जातो, शेतात, वर्गात की दुकानात? महिन्याचा खर्च किती झेपेल? या उत्तरांवर निवड अवलंबून असते.

हात चालत असतील आणि मूत्रमार्ग मोकळा असेल तर स्वतः नळी घालण्याची पद्धत बहुधा श्रेयस्कर ठरते. यासाठी साधी, सरळ, फुगा नसलेली ‘नेलाटन’ नळी वापरतात. नळीची जाडी ‘फ्रेंच’ मापात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. प्रौढांना बहुधा १२ ते १४ मापाची नळी चालते, मुलांना त्याहून बारीक. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो. म्हणून स्त्रियांसाठी आखूड नळ्याही मिळतात. पाण्याने निसरड्या होणाऱ्या लेपाच्या नळ्या सुखावह, परंतु महाग असतात.

ज्यांचे हात चालत नाहीत, किंवा ज्यांना तात्पुरती नळी ठेवणे भाग आहे, त्यांच्यासाठी फोली नळी असते. ती सोयीची वाटली तरी शरीरात कायम राहणारी वस्तू जंतूंना आधार देते. म्हणून ‘ही नळी का ठेवली आहे आणि केव्हा काढावयाची’ हा प्रश्न रुग्णालयातून निघतानाच विचारावा. रबरी लॅटेक्सची नळी साधारणतः ४ आठवड्यांनी, तर सिलिकॉनची जास्तीत जास्त १२ आठवड्यांनी बदलतात. नेमकी मुदत डॉक्टर ठरवतात. ‘स्पायना बिफिडा’ असलेल्या मुलांना लॅटेक्सची वावडी असण्याचा संभव मोठा असल्यामुळे त्यांच्यासाठी लॅटेक्सविरहित साहित्यच घ्यावे.

दीर्घकाळ नळी लागणार असेल तर ओटीपोटावर लहानसे छिद्र पाडून ती थेट मूत्राशयात बसविण्याचा पर्याय आहे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांना ती सांभाळणे सोपे जाते आणि दाम्पत्यजीवनातही अडसर कमी होतो. हा शेवटचा मुद्दा रुग्ण विचारत नाहीत आणि डॉक्टरही क्वचितच काढतात. पण तोही जीवनाचाच भाग आहे. पुरुषांसाठी बाहेरून चढविण्याची ‘कंडोम कॅथेटर’ असते. लघवी गळत असेल तेव्हा ती उपयोगी पडते. लघवी तुंबत असेल तेव्हा मात्र तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण ती मूत्राशय रिकामे करीत नाही. ती घट्ट बसवू नये, रोज बदलावी आणि त्वचा तपासावी.

दैनंदिन शिस्त

स्वतः नळी घालणाऱ्यांनी प्रथम परिचारिकेकडून ही क्रिया प्रत्यक्ष शिकून घ्यावी. आधी हात साबणाने धुवावेत, जागा स्वच्छ करावी. स्त्रियांनी पुढून मागे या दिशेनेच पुसावे. नळीला जेली लावून ती हलकेच सरकवावी. लघवी पूर्ण निघाल्यावर नळी सावकाश काढावी आणि हात पुन्हा धुवावेत. अडथळा जाणवला तर जोर लावू नये. दिवसातून साधारणतः चार ते सहा वेळा, आणि एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक लघवी साचू न देता, हे करावे. शाळकरी वहीत वेळ आणि माप टिपून ठेवल्यास डॉक्टरांना मोलाची माहिती मिळते.

नळीच्या वेष्टनावर ती एकदाच वापरण्याची सूचना असते. ती पाळता आली तर उत्तम. पण दिवसाला चार-सहा नळ्या म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास नळ्या होतात. हा खर्च न झेपणारी अनेक कुटुंबे साधी नळी साबणपाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वापरतात. तसे करणे भागच असेल तर त्याची रीत आणि मुदत डॉक्टरांकडून समजून घ्यावी, लेपाची नळी पुन्हा वापरू नये आणि एकाची नळी दुसऱ्याने कधीही वापरू नये.

फोली नळी असणाऱ्यांनी पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, परंतु ती जमिनीला टेकू देऊ नये. नळी मांडीला पट्टीने बांधावी, म्हणजे ओढ बसत नाही. पिशवी दोनतृतीयांश भरण्यापूर्वीच रिकामी करावी. नळी आणि पिशवी यांचा जोड विनाकारण उघडू नये. दिवसा पायाला बांधावयाची लहान पिशवी मिळते. सैल लेंगा, धोतर वा साडीच्या आत ती दिसून येत नाही आणि बाजारहाट, देवदर्शन, लग्नकार्य सारे करता येते.

पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी घ्यावे. बद्धकोष्ठ टाळावा, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू आढळणे हे स्वाभाविक आहे. ताप, वेदना असे काही लक्षण नसताना केवळ लघवी गढूळ दिसली म्हणून प्रतिजैविके घेऊ नयेत. त्यामुळे औषधांना न जुमानणारे जंतू निर्माण होतात.

काही चिन्हे मात्र तातडीची समजावीत. हुडहुडी भरून ताप येणे, कंबरेच्या बाजूला दुखणे, लघवीतून रक्त जाणे आणि नळी असूनही लघवी न उतरणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत कण्याला इजा झालेल्यांनी आणखी एक धोका लक्षात ठेवावा. मूत्राशय तुंबले की त्यांचा रक्तदाब एकाएकी भडकतो, डोके ठणकते आणि चेहऱ्यावर घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब उठवून बसवावे, नळी कोठे मुडपली आहे काय ते पाहावे आणि विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी. हे त्याच्या जिवावर बेतू शकते.

शाळा, कार्यालये आणि पंचायती

उपचाराची केंद्रे आपल्याकडे आहेत. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून आणि शेजारचे वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून रुग्णसेवा करीत आहे. हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. खडकी येथे कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालते. परंतु रुग्णालयाच्या दारापाशी उपचार थांबतो आणि दैनंदिन जीवन सुरू होते. त्यापुढचे काम आपणा सर्वांचे आहे.

समजा, आपल्या शाळेत ‘स्पायना बिफिडा’ असलेली सातवीतील एक मुलगी आहे. नळी घालणे तिला येते; त्यास दहा मिनिटे लागतात. तिला हवे ते एवढेच: तासिका संपण्याची वाट न पाहता उठण्याची मुभा, कडी लागणारे स्वच्छतागृह, हात धुण्यास पाणी व साबण, पिशवी अडकविण्यास एक खुंटी आणि झाकणाचा एक डबा. वर्गशिक्षिकेने ही गोष्ट गुप्त राखली तर ती मुलगी दहावी होईल. दाराला कडी नसेल तर ती दिवसभर लघवी रोखून धरील, आजारी पडेल, आणि हजेरीपटावर ‘शाळा सोडली’ एवढीच नोंद उरेल. शाळेतील इतर मुलींनाही तेच दार आणि तेच पाणी हवे असते.

ग्रामपंचायतींना आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. बहुतेक ठिकाणी तीचाकी सायकल वा कुबड्या यांपलीकडे विचार जात नाही. गावात कण्याला इजा झालेली व्यक्ती असल्यास तिला दरमहा लागणाऱ्या नळ्या, जेली आणि पिशव्या यांचा प्रश्न ग्रामसभेपुढे, नाव उघड न करता, मांडता येईल. आशा कार्यकर्तीने आणि आरोग्यसेविकेने घरभेटीत ‘लघवी नीट होते का’ हा एक प्रश्न वयस्करांना आणि बाळंतिणींना आवर्जून विचारावा.

कार्यालयप्रमुखांचीही यात जबाबदारी आहे. मुंबईत २०११ मध्ये महिला कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांना मात्र पैसे, ही विषमता तिने वेशीवर टांगली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रस्त्यांवर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी पुरेशी, स्वच्छ स्वच्छतागृहे बांधण्याबाबत महापालिकांना निर्देश दिले. ज्या विषयावर बोलणे असभ्य मानले जाई, तो हक्काचा विषय आहे, हे यातून प्रस्थापित झाले. आपल्या तालुक्याच्या कचेरीत कामासाठी येणाऱ्या स्त्रीला, वृद्धाला, चाकाच्या खुर्चीतील नागरिकाला जाता येईल असे एक तरी स्वच्छतागृह कुलूप न लावता उघडे आहे काय, हे प्रत्येकाने उद्या सकाळी स्वतः जाऊन पाहावे.

दादरच्या बाजारातील भाजीवालीला उद्या पहाटे निघताना तांब्याभर पाणी निर्धास्तपणे पिता यावे आणि नायगावच्या आजोबांना नातवाच्या लग्नात मांडवात बसता यावे, यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. डॉक्टर नळी देतील. पाणी, साबण, दार आणि थोडी समज आपण द्यावयाची आहे. ती आपल्या शाळेतून, कार्यालयातून आणि गावातून मिळू लागेल, अशी अपेक्षा आहे.